लालीबाईच्या बैलाचं पांगऱ्याचं शिंग

...अन् बादलच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताची धार लागली, इथंच काल आपलं बोलणं तुटलं होतं. पाहुणे आले, चहा झाला, गप्पा दुसरीकडं गेल्या, अन् बैल बिचारा तसाच रक्ताळलेल्या तोंडानं गोष्टीत उभा राहिला. आज त्याला पुढं नेतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी ओळख करून देतो. बादल हा लालीबाईचा बैल. लालीबाई आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरची, घाटंजीच्या अलीकडं. तिचा नवरा सेवादास ऐन उमेदीत तापानं गेला. भावकीनं सल्ला दिला, बैल विकून टाक, बाईमाणसाला काय करायचे? तिनं बैल ठेवले अन् भावकी विकली, असं आम्ही म्हणायचो. स्वतः वखर हाणायची, स्वतः बंडी जुंपायची अन् कापूस भरून घाटंजीच्या जिनात न्यायची. जिनाच्या फाटकावर बंड्यांची रांग लागली की बाकीचे गडी झाडाखाली लवंडायचे. ही बाई बंडीत उभी राहून पुढच्याच्या खानदानाची चौकशी सुरू करायची अन् रांग आपोआप हलायची. आवाज असा की चार बंड्या पुढचा बैल दचके, अन् मालक त्याच्याही आधी.

काळ छप्पन सालानंतरचा. छप्पन साली आम्हाला नागपूरच्या राज्यातून उचलून मुंबईच्या राज्यात टाकलं, अन् साठ साली मुंबईच्या राज्यातून महाराष्ट्रात. आम्ही जागचे हललो नाही. घर तेच, चिखल तोच, पटवारी तोच. पण त्याच छप्पन साली एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. आमच्याच गावच्या उकंडाच्या वस्तीतल्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली अन् परत येऊन गावाला सांगून टाकलं, आजपासून तुमची मेलेली ढोरं तुम्हीच ओढा. गाव पहिले चिडलं, फुगलं, अन् शेवटी दोर घेऊन स्वतः ओढायला लागलं. तेव्हा कुठं शहाण्यांच्या ध्यानात आलं की अरे, आपल्याकडं बैल फारच मरतात! तोवर बैल मेला की डोळ्याआड व्हायचा. कशानं मेला, हे विचारायची कोणाला गरजच पडली नव्हती. स्वतःच्या खांद्याला दोर लागला अन् चौकस बुद्धी जागी झाली.

मरत होते ते शिंगाच्या रोगानं. चांगला धट्टाकट्टा बैल मान वाकडी करायला लागे, डोकं झटके, खुंट्याला शिंग घासे. मग त्याच बाजूच्या नाकातून रक्त. मग शिंग हलायला लागे, आतून सडे, अन् पाहता पाहता बैल खाली बसे तो उठतच नसे. आमच्याकडं यावर एकच इलाज होता. सळई लाल करायची अन् शिंगाच्या बुडाशी डाग द्यायचा. बैल मरायचा तो मरायचाच, पण मालकाला झोप लागायची की आपण काही कमी केलं नाही.

तर हा उकंडा पुढं घाटंजीच्या ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर झाला. मलमपट्टी त्याच्या हातची. आमच्या गावातल्या एकानं त्याला भर बाजारात टोमणा मारला, "काहून रे उकंडा, तुमी तं ढोराले हात लावणं सोडलं होतं नं?"

उकंडा म्हणाला, "मेल्याले सोडलं भाऊ. जित्याले लावतो. तुमी बिमार पडले तं या, मेल्यावर मात्र मले निरोप धाडू नोका."

याच उकंडानं आमच्याकडं डॉक्टर भिवापूरकरांना आणलं. विद्यापीठाच्या ढोरांच्या कॉलेजातले हे तरुण डॉक्टर. लांब सडपातळ, मोठा चष्मा. ते शिंगाच्या रोगाचं संशोधन करत होते. आता संशोधन म्हणजे काय, हे तांड्याला सांगायचं कोणी? तांड्याचे नायक हिरासिंग, समोरचे दात पडलेले. त्यांनी उकंडाला विचारलं, "शिंग बैलाच्या डोस्क्यावरच असते. त्याचा आणखीन शोध कायचा लावतेत?"

डॉक्टर गावोगाव फिरत अन् दाराशी उभे राहून विचारत: बैल पांढरा की तांबडा? शिंगं लांब की आखूड? कोणत्या बाजारचा? पोळ्याच्या आधी शिंगं साळता, म्हणजे खरवडून गुळगुळीत करता का? कशानं साळता, सुरीनं की काचेनं? रंग कोणता लावता? शेवटी नायकांना राहवलं नाही. "साहेब," ते म्हणाले, "सोयरीक करून राह्यले का? पोरगी कोणत्या गावची गाय हाय तेवढं सांगा, मंग पुढचं बोलू."

डॉक्टर हसले, पण प्रश्न सोडले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे कापलेली शिंगं ते काचेच्या बरणीत, उग्र वासाच्या पाण्यात बुडवून सोबत नेत. मग काय विचारता! कोणी म्हणे फण्या करतात, कोणी म्हणे मुंबईला बटनांचा कारखाना आहे. पंधरवड्यात डॉक्टरांचं नाव पडलं शिंगचोर. दुरून जीप दिसली की लोक बैल पळाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या गंजीमागं नेऊन बांधत.

असा हा शिंगचोर चैत्रात उकंडाच्या मागं मागं लालीबाईच्या खुंट्यापाशी येऊन उभा राहिला. बादलचं नाक रक्तानं माखलेलं. नायक आधीच सळई घेऊन आले होते. चुलीत घालायची तेवढी बाकी होती.

डॉक्टरांनी शिंगाच्या बुडाशी बोटं दाबून पाहिलं, नाकात विजेरी मारली. म्हणाले, "बाई, कर्करोग आहे. शिंग बुडापासून काढावं लागेल. अजून फार खाली उतरलेला दिसत नाही. जगेल असं वाटतं."

लालीबाईनं कमरेवर हात ठेवले. "वाट्टे म्हणजे? आतापर्यंत किती जगले तुमच्या हातचे?"

"सगळे नाही जगले. उशिरा आणलेले मेले. लवकर आणलेले बहुतेक जगले. किती लवकर आणला म्हणजे जगतो, तेच तर आम्ही शोधून राहिलो."

लालीबाई उकंडाकडं वळली. "उकंडा भिया, हा पयला डॉक्टर पाह्यला मी, जो आपले मेलेलेबी सांगते." अन् डॉक्टरांना विचारलं, "शिंग पुना येईल का?"

"नाही बाई. शिंग परत येत नाही."

त्यावर ती मटकन खाली बसली. बैलाच्या जिवावर बेतलं तेव्हा न बसलेली बाई शिंगासाठी बसली. डॉक्टरांना कळेना. त्यांना वाटलं, बायका अशाच. कारण मला ठाऊक होतं.

हे लोक मूळचे बैलांच्या पाठीवर माल वाहणारे. मीठ, धान्य लादून शेकडो बैलांचा तांडा मुलुख पालथा घालायचा. सगळ्यांच्या पुढं एक बैल. कपाळावर आरसे अन् कवड्या, गळ्यात घंटा, त्याच्या मागं बाकीचे. आगगाडी आली, मोटार आली, लादणी बुडाली, तांडे रानात बसले अन् शेती करायला लागले. पण पुढच्या बैलाचा मान काही बुडाला नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिला बैल जाई तो सेवादासच्याच घरचा, कारण त्याच्या आजोबाचा बैल तांड्याच्या पुढं चाले. भावकी सोडलेल्या बाईकडं तांड्यात उभं राहायला हीच काय ती एक जागा उरली होती. वर्षातून एकदा सगळ्यांचे बैल तिच्या बैलाच्या शेपटीकडं पाहत चालत. अन् एका शिंगाचा बैल पोळ्यात पुढं चाललेला कोणी कधी पाहिला होता?

लालीबाई उठली. "मार बळद मरून पुढं चालते थोडाच?" ती स्वतःशीच आपल्या बोलीत बोलली; मार बळद म्हणजे माझा बैल. मग डॉक्टरांना म्हणाली, "कापा. पण डोस्कं मी धरीन."

कडुनिंबाखाली बैल पाडला, पाय बांधले, सुई टोचून तो भाग बधिर केला अन् तारेच्या करवतीनं शिंग काढलं. बादल फुरफुरत राहिला. लालीबाई त्याच्या कानाशी सारखी बोलत होती, बहुतेक डॉक्टरांच्या सात पिढ्यांविषयी. शिंग सुटलं, रक्ताची चिळकांडी उडाली अन् धाडकन आवाज झाला. पाहिलं तर बैल जागच्या जागी, नायक आडवे! त्यांच्या तोंडावर पाणी मारता मारता उकंडा म्हणाला, "साहेब, बधिर करायची दवाई उरली का थोडी?"

जखम भरायला वेळ लागला. शिंगाच्या जागी केवढं तरी भोक, त्यात औषधाची पट्टी कोंबायची, माश्या बसू द्यायच्या नाहीत. उकंडा सायकलवर येई अन् पट्टी बदले. लालीबाई उरलेला दिवस पदरानं माश्या हाकलत बसे. मृग लागला तेव्हा बादल वखराला जुंपला होता. ओढायला मान लागते, शिंग लागत नाही, ही गोष्ट तांड्यातल्या शहाण्यांना तेव्हा समजली.

पण श्रावण सरत आला अन् नायकांच्या अंगात आलं. त्यांच्याकडं त्या वर्षी नवा पांढराशुभ्र गोऱ्हा होता, शिंगं अशी की जणू आभाळाला ढुशी देईल. पारावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "लालीबाई, औंदा माहा बैल पुढं राहीन. एकशिंग्या पुढं चालला तं लोक हासतील तांड्याले."

"मान आमच्या घरचा हाय," लालीबाई म्हणाली.

"म्या कुठं नाई म्हनलं? माहं काई वैर हाय का तुह्यासंग? दोन शिंगं दाखव अन् पुढं उभा कर. बस, एवढीच बोली."

पार हसला.  लालीबाई गप्प बसली याचीच मला धास्ती वाटली. घरी जाताना मी नायकांना म्हटलं, "नायक, तुमी बोलताना जरा पाहून बोलत जा." ते म्हणाले, "काय करते ते? शिंग का बाजारात भेटते?"

बाजारात भेटत नव्हतं, पण आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पांगारा होता. दुसऱ्याच दिवशी लालीबाई कोयता घेऊन हजर. "भाऊ, एक खांदी देता का?" पांगऱ्याचं लाकूड हलकं, कोवळ्या मुळ्यासारखं कापलं जातं. तिनं ते ओसरीत बसून तासलं, उजव्या शिंगाशी लावून लावून पाहिलं, तस्संच वळण दिलं. मग पेटीतून जुनं भरतकाम काढलं अन् बादलसाठी मठाटी शिवली, म्हणजे कपाळावर बांधायची ती शोभेची झालर. लाल कापड, गोल आरसे, काठाला कवड्यांची ओळ. एरवी मठाटी नुसती कपाळावर लोंबते. हिची टोपीसारखी, डोक्यावर घट्ट बसणारी, चामड्याचा पट्टा जबड्याखालून घेतलेला. त्या टोपीत पांगऱ्याचं शिंग उभं केलं. दोन्ही शिंगांना एकच हिंगूळ, एकच बेगड, टोकाला पितळी शेंब्या. मी पाहिलं अन् म्हटलं, "लालीबाई, असली शिंगाले लाज येईन आता." नकली शिंग जास्त सुबक झालं होतं.

पोळ्याच्या दिवशी बादल सगळ्यांत पुढं उभा राहिला तेव्हा आरशांच्या लखलखाटानं माणसांना डोळ्यांवर हात धरावे लागले. नायक आपला गोऱ्हा घेऊन आले, थबकले, अन् बादलच्या भोवती एक चक्कर मारली.

"मोजा नायक," लालीबाई म्हणाली. "येते नं दोनपर्यंत?"

बोली पारावर झाली होती, पारानं ऐकली होती. नायक गोऱ्हा घेऊन मागं सरकले. तिथंच गोष्ट संपायची, पण इतक्यात जीप आली.

आता यात डॉक्टरांची काही चूक नाही. पोळ्याला पंचक्रोशीतली सगळी ढोरं अंघोळ करून एका जागी उभी राहतात. शिंगं तपासायला याहून चांगला मुहूर्त कोणता? शिवाय उकंडानं शेजारच्या गावातून, तांड्यांतून फिरून सांगितलं होतं की ज्यांच्या बैलाच्या नाकातून रक्त येत असेल त्यांनी पोळ्याच्या मैदानात यावं, शिंग काढूनही जगलेला बैल डोळ्यांनी पाहावा अन् मग ठरवावं. तसे तिघं-चौघं आले होते. त्यांत पलीकडच्या तांड्याचा धावजी. त्याचा बैल मान वाकडी करून उभा होता. सणाचा दिवस म्हणून धावजीनं त्याचं नाक पुसून आणलं होतं, पण पुसलेलं रक्तही दिसतंच. घरी डाग द्यायची त्याची सगळी तयारी होती. इथं तो नुसता उकंडाच्या शब्दाखातर आला होता.

जीपमधून भिवापूरकरांच्या मागून त्यांचे मोठे साहेब उतरले. केस पिकलेले, कोट घातलेला. भिवापूरकरांनी घसा साफ केला अन् मोठ्या उत्साहानं बोलायला सुरुवात केली. "मंडळी, हा बादल. याचं डावं शिंग आम्ही चैत्रात बुडापासून काढलं. आज तो..."

बोलता बोलता त्यांनी बादलकडं हात केला. मग स्वतः पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. शिंगं दोन.

आधी कोणी तरी मागून फिसकन हसलं. मग सगळं मैदान हसायला लागलं. मोठे साहेब हळूच म्हणाले, "भिवापूरकर, हे शिंग पुन्हा उगवलं की काय?"

"नाही सर. उगवत नाही सर. म्हणजे उगवायला नको सर."

ज्यांना खरं ठाऊक होतं ते तांड्याचे लोक गप्प. नायकांची तर मजा सुरू होती. सांगावं तर आपण लाकडाच्या शिंगापुढं हरलो हे उघडं पडतं, न सांगावं तर शिंगचोराची फजिती पाहायला मिळते. ते मिशीवर हात फिरवत उभे राहिले.

धावजी मात्र हसला नाही. तो उकंडावर उखडला. "काहून रे, हेच दाखवाले बलावलं का आमाले? शिंग कापलं म्हन्ते अन् दोन दोन शिंगं चमकून राह्यली! सनाच्या दिवशी बिमार जनावर चालवत आनलं म्या इथवर. चाला रे, घरी सळई तापवू." अन् त्यानं बैलाची वेसण ओढली. बैलानं डोकं झटकलं. नाकातून लाल थेंब पडला, धुतलेल्या पायावर.

 उकंडानं फक्त लालीबाईकडं पाहिलं.

मी तिच्या शेजारीच होतो. तिचा हात बादलच्या जबड्याखालच्या पट्ट्यावर गेला अन् तिथंच थांबला. समोर तोरण, मागं सगळ्या तांड्याचे बैल रांगेत, बाजूला नायकांचा गोऱ्हा वाटच पाहत. पट्टा सोडला की जागा गेली. न सोडला तर धावजीचा बैल डाग खाऊन मरणार, अन् त्याच्या पाठोपाठ बाकीचे. चैत्रात तिनं स्वतः ते रक्त पुसलं होतं. त्याचा वास तिला सांगायला कोणी लागत नव्हतं.

"ए धावजी!" जिनाच्या फाटकावरचा तो आवाज. धावजीचा बैलसुद्धा थांबला. "मुकाट्यानं इकडं ये."

तिनं पट्टा सोडला अन् मठाटीसकट शिंग उपसून काढलं. खाली डाव्या बाजूला सपाट, भरलेली जागा. वर चामडी आलेली, तिच्यावर बारीक केस. एवढा वेळ टोपीखाली घामेजलेलं डोकं मोकळं झालं म्हणून बादलनं सुखानं कान हलवले.

"हात लाव," ती धावजीला म्हणाली. "लाव नं, भेतो कायले? खोटं बैलाचं नोयतं, माहं होतं. या डॉक्टरनं शिंग नेलं, पण बैल ठेवला. सळईनं तुह्या बापाचा एकतरी बैल ठेवला का?"

धावजीनं हात लावला. मग बाकीच्यांनी लावला. मोठ्या साहेबांनीही लावला. मग ते पांगऱ्याचं शिंग हातात घेऊन त्यांनी इतका वेळ न्याहाळलं की भिवापूरकरांना भीती वाटली, साहेब हेही बरणीत घालून नेतात की काय.

धावजीच्या बैलाचं शिंग त्याच आठवड्यात कापलं अन् बैल पुढं कित्येक हंगाम चालला. आलेल्यांतला एक मेला, उशीर झाला होता. तेही डॉक्टरांनी बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून लोकांचा विश्वास उलट वाढला. मग दर उन्हाळ्यात घाटंजीच्या बाजाराजवळ चिंचेखाली कॉलेजचं शिबिर लागायला लागलं. विद्यार्थी पोट्टे आमच्या बैलांवर हात साफ करून डॉक्टर झाले, अन् त्यांच्या शिकण्यावर आमचे बैल जगले. हिशेब दोघांनाही परवडला. शिंगं काचेनं खरवडून रक्तापर्यंत साळू नका, हे त्यांनी सांगितलं ते काहींनी ऐकलं, काहींनी नाही, आपण माणसंच आहोत. पण एक गोष्ट सगळ्यांनी उचलली. पूर्वी बाजारात बैल घेताना आम्ही त्याचे खूर अन् शेपटीचा गोंडा पाहायचो, आता आधी नाकपुडी वर करून पाहायला लागलो. विकणारे चिडायचे, म्हणायचे, "हाही शिंगचोराच्या शाळेतला दिसते." अन् ज्या बरण्यांवर आम्ही हसलो त्या नागपूरला जाऊन तपासल्या नसत्या, तर कोणता बैल वाचतो अन् कोणता नाही, हे कोणाच्या बापाला कळलं असतं?

पण मी फार पुढं पळालो. त्या दिवशी पोळा अजून फुटायचा होता, म्हणजे बैल तोरणाखालून सुटायचे होते. बादल एका शिंगानं सगळ्यांच्या पुढं उभा होता, अन् हिरासिंग नायक मिशीवरचा हात काढून पुढं आले.

"झालं समद्याइचं पाहून?" ते म्हणाले. "आता मोज लालीबाई. एकच भरते. बोली दोनाची होती. घे तुहा बैल मागं."

 डॉक्टर काही बोलायला गेले, उकंडानं त्यांचा कोट मागून ओढला. लालीबाईनं पांगऱ्याचं शिंग साहेबांच्या हातून घेतलं, ते नायकांच्या हातात ठेवलं, अन् तांड्याच्या शेवटच्या बैलालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हिरासिंग नायक, तुमचे समोरचे दात पडले तवा पंचायतीत तुमाले कोणी मागं बसवलं होतं का? तुमी तं चावूबी शकत नाई, तरी पयलं ताट तुमचंच लागते. माहा बादल कडबा चावते, वखर ओढते, वाट जाणते. तोंड मिटा अन् बाजूले व्हा!"